सर्व्हर खोलीत डेझर्ट कूलर चालेल का?

प्रश्न : इंदूरला आमच्या कचेरीत 10 किलोवॅटचे सर्व्हर आहेत. एसी 18 अंशांवर असतो, बिल फार येतं. डेझर्ट कूलर लावू का?

उत्तर : नको. एवढी उष्णता बाष्पीभवनाने काढायला दिवसाला सुमारे 350 लिटर पाणी उडतं, आणि इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून जवळपास 70 किलोमीटर पंपाने चढवून आणावं लागतं! शिवाय पावसाळी दमट हवेत कूलर थंडावा देत नाही, खोलीत ओल तेवढी वाढते.

आधी रॅकच्या (सर्व्हर ठेवायच्या कपाटाच्या) रिकाम्या खणांवर ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे खण बंद करणाऱ्या पट्ट्या, बसवा. तिथूनच मागची गरम हवा पुढे शिरते, म्हणून 18 अंश लागतात. मग एसीचं तापमान रोज एक अंश वाढवा. थर्मामीटर मात्र सर्वांत वरच्या सर्व्हरच्या पुढ्यात लावा. तिथे 27 ओलांडू देऊ नका.