सगळ्याच माद्या कशा काय?

प्रश्न: मी वडूजचा. डिसेंबरात दाजींबरोबर येरळवाडीच्या तलावावर फ्लेमिंगो बघायला गेलतो, ते काय दिसले नाहीत पण लांब पाण्यात पंचवीस-तीस छोटी तपकिरी बदकं होती. सगळी एकसारखी, रंगीत नर एकपण नाही. दाजी म्हणतात कॉमन टील, मी म्हणतो गार्गनी. दुर्बीण ८×४२ ची आहे. बरोबर कोण?

उत्तर: पैज लागली असेल तर चहा दाजींकडनं घ्या, बहुतेक तुम्हीच जिंकलाय. टीलचे नर डिसेंबरात बहुतेक रंगात आलेले असतात आणि ते लांबूनपण लपत नाहीत, डोकं काळपट दिसतं, पाठीच्या कडेला आडवी पांढरी रेघ आणि शेपटीच्या बुडाशी पिवळट त्रिकोण. तिसात एकपण तसा नाही म्हटल्यावर संशय गार्गनीवरच. गार्गनी म्हणजे आपलं भुवई बदक, पण त्याची ती रुंद पांढरी भुवई हिवाळ्यात बराच काळ गायबच असते, नर मादीच्याच कपड्यात फिरतो आणि साधारण फेब्रुवारीत नटायला लागतो. म्हणजे तुमच्या त्या 'माद्यां'त बरेच नवरेपण असणार!

पण नुसतं एवढ्यावर वहीत लिहू नका. चेहरा बघा. गार्गनीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा, डोळ्यावर फिकट रेघ, डोळ्यातनं काळी, गालावर अजून एक काळपट आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. टीलच्या मादीचा चेहरा त्यामानानं साधा, चोच जरा लहान, आणि शेपटीच्या बाजूला एक फिकट रेघ, ही रेघ मला तरी चेहऱ्यापेक्षा लवकर सापडते. ऊन समोरून येत असेल तर मात्र यातलं काहीच दिसत नाही, सगळी काळी ढेकळं, तेव्हा सूर्य पाठीशी येईल असं उभं रहा.

मी स्वतः मायणीला एकदा 'टील ४०' लिहून मोकळा झालो, वही खिशात घातली आणि तेवढ्यात वरनं घार गेली तसा सगळा थवा उठला, बघतो तर कितीतरी पंखांचा पुढचा भाग फिकट निळसर राखाडी. गार्गनीचे नर! कपडे मादीचे असले तरी पंख नराचेच राहतात ना. टीलचा पंख तिथं तपकिरीच असतो.

आकाराचं म्हणाल तर गार्गनी थोडीशीच मोठी, लांबून त्या भानगडीत पडू नका.

दाजींना फेब्रुवारीअखेर परत न्या, तेव्हा भुवया उगवलेल्या असतील.