केसाळ भुंगेऱ्याची प्रजाती कोणती आणि जाती कोणती?

प्रश्न असा आहे: ‘क्रिओफिलस मॅक्सिलोसस’ या केसाळ भुंगेऱ्याविषयी वाचताना कुठे नुसत्या ‘क्रिओफिलस’ला प्रजाती म्हटलेले दिसते, तर कुठे पूर्ण नावाला. बरोबर काय?

मराठी परिभाषेप्रमाणे पहिले बरोबर. क्रिओफिलस ही प्रजाती (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि क्रिओफिलस मॅक्सिलोसस ही तिच्यातली एक जाती (इंग्रजीत स्पीशीज). ‘या प्रजातीत अमुक जाती आहेत’ ही मराठी विश्वकोशातली नेहमीची वाक्यरचना. हिंदीत मात्र जीनसला ‘वंश’ आणि स्पीशीजला ‘प्रजाति’ म्हणतात. बातम्यांच्या भाषांतरांतून तो अर्थ आपल्याकडे शिरला असावा. शिवाय ‘जाती’ म्हटले की समाजातली जात आठवते, म्हणूनही पुष्कळजण हा शब्द टाळतात असे मला वाटते.

पण या अदलाबदलीने अर्थ खरोखर बिघडतो, आणि त्याला हाच भुंगेरा साक्षी आहे. मेलेल्या जनावरांवर येऊन तिथल्या माश्यांच्या अळ्या खाणारा हा कीटक. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने 1758 मध्ये त्याचे नाव स्टॅफिलिनस मॅक्सिलोसस असे ठेवले. गुराघोड्यांच्या शेणात सापडणारा, पिवळ्या केसांमुळे थेट बंबलबीसारखा दिसणारा दुसरा भुंगेराही त्याने त्याच प्रजातीत घातला: स्टॅफिलिनस हिर्टस. पुढचे पंख आखूड, पोट उघडे, ही ठेवण दोघांचीही. पुढे 1819 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लीच याने पहिल्यासाठी क्रिओफिलस आणि दुसऱ्यासाठी एमस अशा स्वतंत्र प्रजाती केल्या. म्हणजे प्रजाती बदलली, जाती तीच राहिली. जीनस आणि स्पीशीज दोन्हींना ‘प्रजाती’ म्हणणाऱ्याला हे साधे वाक्य लिहिताच येणार नाही! शास्त्रीय नावापुढे ‘(लिनीअस, 1758)’ असा कंस दिसतो, तोही हेच सांगतो: जातीचे वर्णन लिनीअसचे, पण ती आता त्याने नेमलेल्या प्रजातीत नाही.

स्टॅफिलिनिडी हे या दोन्ही भुंगेऱ्यांचे कुल, म्हणजे अनेक प्रजातींचा मिळून झालेला मोठा गट. त्यात साठ हजारांहून अधिक जाती आहेत. इथे ‘प्रजाती’ लिहिले, तर जाणकार वाचक आकडा चुकला असेच समजेल.

मी स्वतः सर्वसाधारण वाचकांसाठी लिहिताना जीनसला ‘वंश’ म्हणतो. हा शब्द मराठीतही रूढ आहे आणि त्याने गोंधळ होत नाही. स्पीशीजसाठी मात्र ‘जाती’च. शेतकरी इंद्रायणीला भाताची जात म्हणतात, ते बोलण्यात ठीकच आहे. शास्त्रीय मजकुरात तिथे ‘वाण’ लिहावे.