‘चांगला विचार केला की खोटं बोलल्यासारखं वाटतं’

“मॅडम, रोज सकाळी आरशासमोर ‘मी सक्षम आहे’ म्हणते. लगेच आतून आवाज येतो, गप बस, तुला काय जमतंय!”

एका पतसंस्थेत कॅशिअर असलेल्या ताई मला हे सांगत होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) संध्याकाळी कॅश जुळवताना पाचशे रुपये कमी आले, की शोधाशोध सुरू व्हायच्या आधीच मन म्हणे, ‘मी आहेच वेंधळी. मला काहीच जमत नाही.’ मग हात थरथरत, मोजलेलं बंडल पुन्हा मोजावं लागे आणि त्या घाईत आणखी एखादी चूक होई. घरी पोळी करपली तरी तेच वाक्य, मुलाला गणितात कमी मार्क पडले तरी तेच.

सकारात्मक विचार म्हणजे स्वतःची फसवणूक वाटते, ही तक्रार माझ्याकडे फार जण करतात, आणि मला ती रास्त वाटते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन आहे. मुळात स्वतःबद्दल फारसं चांगलं मत नसलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकलं, तेव्हा त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. न पटणारं वाक्य मनावर लादलं, की मन त्याविरुद्धचे पुरावे काढून बसतं. म्हणून मी ताईंना आरशासमोरचं वाक्य आधी थांबवायला सांगितलं. त्यांना हायसं वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं.

मग वही सुरू केली. काय घडलं, मन काय म्हणालं, ते शंभरपैकी किती पटलं, एवढंच लिहायचं. पहिल्याच आठवड्यात ‘काहीच जमत नाही’ पानोपानी आलं, आणि पटण्याचे आकडे नव्वदच्या आसपास. त्याच पानांवर मी त्यांना विचारलं, “या आठवड्यात किती दिवस कॅश जुळली?” एक दिवस सोडून सगळे. त्या जुळलेल्या दिवसांबद्दल वहीत अक्षरही नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवलेली विवेकनिष्ठ विचारसरणी इथे मला फार उपयोगी पडते. कृतीला चूक म्हणा, माणसाला नको, असं ती सांगते. पाचशेचा फरक आला, हे खरं. त्यावरून अख्खी बाई वेंधळी ठरवायची, हा निवाडा झाला.

पण हे नुसतं समजून भागत नाही. मी विचारलं, “काउंटरवरच्या नव्या मुलीची कॅश कमी आली तर तिला काय म्हणाल?”

ताई पटकन म्हणाल्या, “अगं, होतं असं. घाबरू नकोस. आधी व्हाउचर बघू, मग बंडलं.”

“हेच स्वतःला म्हटलं तर?”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “स्वतःचे असे लाड केले तर मी बेफिकीर होईन ना!”

ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. पण नव्या मुलीसाठीचं त्यांचं वाक्य नीट ऐका. त्यात लाड कुठेच नाहीत. चूक मान्य आहे, धीर आहे, आणि पुढे काय करायचं तेही आहे. उलट ‘मी वेंधळी’ म्हटल्यावर व्हाउचर बघायचं सुचतच नव्हतं. धाक दाखवला की माणूस सुधारतो असं ऐकतच आपण मोठे होतो. मला मात्र धाकाने गांगरलेली माणसंच जास्त भेटली आहेत.

वहीत चौथा रकाना आला, त्या नव्या मुलीला सांगितलेल्या वाक्याचा. सुरुवातीला तो त्यांना कोरडा वाटे, कधी रिकामाच राही. पुढे कॅश कमी आली की त्या स्वतःचं नाव घेऊन मनात म्हणू लागल्या, ‘आधी व्हाउचर बघू.’ जुनं वाक्य आजही येतं, पण आता ते चाळीसच्या आसपास पटतं. आणि बंडल पुन्हा पुन्हा मोजणं थांबलं आहे.

तुम्हालाही करून बघायचं असेल, तर सगळे विचार बदलायला जाऊ नका. दिवसात सर्वांत जास्त वेळा येणारं एकच वाक्य निवडा, आणि त्याजागी तुम्हाला निदान निम्मं तरी पटेल असं वाक्य लिहा. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटतंय, झोप-भूक बिघडली आहे किंवा जगणं नकोसं वाटतंय, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.