शंभर खेळाडूंना साठ स्वयंसेवक पुरतील का?

बौद्धिक अक्षमता असलेल्या शंभर खेळाडूंची एका दिवसाची मैदानी स्पर्धा भरवायची आहे, साठ स्वयंसेवक तयार आहेत, सुरक्षेच्या दृष्टीने तेवढे पुरतील का, असा तुमचा प्रश्न आहे. नुसता आकडा हवा असेल तर पुरतील. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत, साधारण चार खेळाडूंमागे एक जबाबदार प्रौढ असा हिशेब धरतात. ज्यांना चालायला, जेवायला किंवा स्वच्छतागृहात मदत लागते त्यांच्यासाठी वेगळा माणूस लागतो. तुमच्याकडे याहून जास्त माणसं आहेत. पण माझा भाऊ अशाच एका स्पर्धेत हरवला तेव्हाही माणसं कमी नव्हती. मैदानावर स्वयंसेवकांची गर्दी होती, म्हणूनच या प्रश्नाला उत्तर लिहायला बसले आहे.

माझा धाकटा भाऊ धावतो. शंभर मीटर आणि चार बाय शंभर रिले. कोणती शर्यत किती वाजता, कोणत्या तंबूत हजेरी, हे त्याला आदल्या दिवशीच पाठ असतं. त्या दिवशी तो शंभर मीटरमध्ये दुसरा आला, पदक घालून मंचावरून उतरला आणि त्यानंतर तो कुठे गेला हे कोणालाच सांगता येईना. मी वेळ नोंदवण्याच्या टेबलावर होते. मंचावरच्या मुलीला वाटलं, प्रशिक्षक घेऊन गेले. प्रशिक्षकांना वाटलं, तो अजून मंचापाशीच आहे. ज्या मुलाने त्याला अंतिम रेषेपासून मंचापर्यंत आणलं तो पुढच्या धावपटूला आणायला परत गेला होता, कारण त्याला तेवढंच काम दिलेलं होतं. मंचापासून पुढे खेळाडूला कोणी न्यायचं हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारायला लागले, "जिथे असशील तिथून मंचाजवळ ये." तो आला नाही. आई फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. मी तंबू पालथे घालत सुटले.

तो गेला होता ते बरोबर जागी, रिलेच्या हजेरीच्या तंबूत. वेळेच्या आधी पोचून रांगेत बसला होता. नेमकी तेव्हाच तिथल्या स्वयंसेवकांची जेवणाची पाळी बदलली. नव्याने आलेल्या गृहस्थांच्या हातात नावांची यादी नव्हती. त्यांनी गळ्यातलं पदक पाहिलं आणि विचारलं, "तुझी शर्यत झाली ना?" भाऊ म्हणाला, "हो." झालीच होती. मग त्यांनी मायेने हात धरून त्याला कठड्याबाहेर नेलं, तंबूमागच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, इथून हलायचं नाही. तो हलला नाही. नाव ऐकू येत होतं, पण बाकावरून उठायचं नाही असं एका मोठ्या माणसाने सांगितलेलं होतं. छातीवरचा क्रमांक जॅकेटखाली गेला होता, त्यामुळे शेजारून गेलेल्यांनाही तो कोण हे कळलं नाही. तो सापडेपर्यंत रिले संपली होती. त्याच्या जागी दुसऱ्याला पळवलं होतं.

स्पर्धेनंतरच्या बैठकीत मुख्य आयोजकांचं म्हणणं असं पडलं की पुढच्या वेळी स्वयंसेवक दुप्पट करू आणि मुलांचा हात सोडायचाच नाही. माझ्या भावाला मिशा आहेत. मी म्हटलं, त्या वेळी अख्ख्या मैदानावर ज्याला आपली जागा ठाऊक होती तो एकटा तोच होता, त्याला तिथून उठवलं आपण. त्यावर उत्तर मिळालं, "पदक मिळालं ना त्याला, मग झालं तर." नाही झालं. स्पेशल ऑलिम्पिक्सची शपथ "मला जिंकू दे" इथून सुरू होते, जिंकता आलं नाही तर शौर्याने प्रयत्न करू दे हे त्याच्यानंतर येतं. रिलेसाठी महिनोन् महिने बॅटन देण्याघेण्याचा सराव केलेल्या खेळाडूची शर्यत बुडणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. तो बाकावर सुखरूप होता म्हणून स्पर्धा सुरक्षित पार पडली असं मी मानत नाही.

तर तुमच्या साठ माणसांचं असं करा. एका खेळाडूची जबाबदारी एका वेळी एकाच माणसावर, आणि ती बदलताना तोंडाने बोलून बदलायची. "हा तुमच्याकडे दिला." "घेतला." यादीवर खूण. धावपटू बॅटन देतात तसंच, समोरच्याच्या हातात पक्की बसल्याशिवाय सोडायची नाही. बसपासून तंबू, तंबूपासून ट्रॅक, ट्रॅकपासून मंच, मंचापासून परत संघाकडे, अशा प्रत्येक टप्प्यावर कोण देणार आणि कोण घेणार हे आधी लिहून काढा. माणसं हरवतात ती या टप्प्यांच्या मध्ये, शर्यतीत कोणी हरवत नाही. स्वयंसेवकांची पाळी शर्यत चालू असताना कधीही बदलू नका. क्रमांक पुढे आणि मागे दोन्हीकडे लावा, शिवाय मनगटावर संघाचं नाव आणि प्रशिक्षकाचा फोन.

एका दिवसापुरते आलेले स्वयंसेवक आणि पार्श्वभूमीची पूर्वतपासणी, प्रशिक्षण झालेले स्वयंसेवक वेगळे ओळखू आले पाहिजेत, निदान टोपीच्या रंगाने. खेळाडूला एकट्याने कुठेही नेण्याचा अधिकार पहिल्यांना नाही. दुसऱ्यांनीही बंद दाराआड एकट्याने जायचं नाही, स्वच्छतागृहात मदत लागली तर दुसरं माणूस जवळ हवं. हे सांगितलं की लोकांना राग येतो, आमच्यावर संशय घेता का म्हणतात. घ्या राग. ज्या खेळाडूला घडलेलं नीट सांगता येत नाही त्याच्या बाबतीत विश्वासावर कारभार चालवू नये.

स्वयंसेवकांना एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर प्रश्न विचारायला शिकवा. "दुखत नाही ना?" याला "नाही" आणि "पाणी प्यायलास ना?" याला "हो" हेच उत्तर बहुतेक वेळा मिळतं, कारण समोरच्याला तेच हवंय हे आवाजावरून कळतं. "कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखव." "आता तुझी कोणती शर्यत आहे?" असं विचारलं असतं तर माझ्या भावाने घडाघडा सांगितलं असतं.

रुग्णवाहिका, पाणी, सावली हे तुम्ही करालच. वैद्यकीय फॉर्म मात्र नुसते गोळा करून पेटीत ठेवू नका, प्रत्येक संघाच्या माणसाकडे त्याच्या खेळाडूंचे हवेत. फिट येणाऱ्या खेळाडूची सकाळची गोळी लवकरच्या बसच्या गडबडीत चुकते, झोपही अपुरी झालेली असते, आणि या दोन्ही गोष्टी फिट यायला पुरेशा आहेत. म्हणून उद्घाटनाच्या आधी गोळ्या झाल्या का हे विचारणारं माणूस नेमा. फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली की रुग्णवाहिका. दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. त्यांना उंच उडी, कोलांट्या, पाण्यात सूर मारणं धोक्याचं ठरू शकतं. चाल अचानक बदलली, हातापायातली ताकद कमी वाटली, मान दुखते म्हणाला, तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टर. मानसिक आजाराची आणि फिटची काही औषधं घाम कमी करतात, अशा खेळाडूंना उन्हात ताटकळत ठेवू नका.

प्राथमिक फेऱ्या वगळून वेळ वाचवायचा मोह होईल. वगळू नका. लिंग, वय आणि प्राथमिक फेरीतली वेळ पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात, त्यामुळे जवळपास सारख्या क्षमतेचे एकत्र धावतात. तसं केलं नाही तर कोणी अर्ध्या ट्रॅकवर एकटा उरतो, बाकीचे पोचलेले असतात, अंतिम रेषेवरचे स्वयंसेवक लेनमध्ये शिरून टाळ्या वाजवत असतात, आणि धडक अशीच होते. अंतिम रेषेमागे दोन-तीन माणसं पुरे. सुरुवातीच्या पिस्तुलाच्या आवाजाने दचकणारे बरेच असतात, झेंडा वापरा आणि सरावात तोच झेंडा दाखवा.

खेळाडू दिसेनासा झाला तर काय करायचं हे आदल्या दिवशी ठरवा. आधी फाटकं धरा, मग जवळचं पाणी आणि रस्ता, मग तंबू. स्पीकरवरून बोलवायचंच असेल तर त्याच्या ओळखीच्या आवाजात बोलवा.

वीस-पंचवीस ओळखीच्या खेळाडूंची छोटी स्पर्धा असेल तर एवढा कागद लागत नाही. काही खेळाडूंचा हात खरोखरच धरून ठेवावा लागतो, एकदम पळत सुटणारे असतात, त्यांची नावं घरचे सांगतील. माझा विरोध सरसकट सगळ्यांचे हात धरण्याला आहे. आणि पोहण्याच्या स्पर्धेला यातलं निम्मंही पुरेसं नाही, तिथे फक्त पाण्यावर नजर ठेवणारे प्रशिक्षित जीवरक्षक हवेतच.

तुमच्या समितीतही कोणीतरी म्हणेलच की स्वयंसेवक मनापासून येतात, त्यांना इतक्या नियमांत बांधलं तर पुढच्या वेळी येणार नाहीत. आमच्याकडेही हेच म्हणाले होते. माझ्या भावाला बाकावर बसवणारे गृहस्थही मनापासूनच आले होते. त्यांच्या हातात कोणी यादी दिली असती तर त्यांनी ती नक्की वाचली असती.