क्रियाविशेषणांचे प्रकार पाठ आहेत, तरी इंग्रजी वाक्यात ती चुकीच्या जागी पडतात. काय करावं?

प्रकार पाठ असून वाक्य चुकणं, हे मीही भोगलंय. तुम्ही दिलेलं वाक्य, 'ही येस्टरडे फिनिश्ड क्विकली द वर्क', म्हणजे इंग्रजी शब्दांत लिहिलेलं मराठीच आहे. 'त्याने काल पटकन काम संपवलं' किंवा 'काम पटकन संपवलं', आपल्याला दोन्ही चालतं. इंग्रजीत मात्र क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषणाला सहसा शिरू देत नाहीत. 'आय लाइक व्हेरी मच धिस बुक' चूक, 'आय लाइक धिस बुक व्हेरी मच' बरोबर. आधी एवढं सांभाळा.

'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात: 'ही ऑलवेज कम्स लेट'. पण 'इज', 'आर', 'वॉज' असेल तर त्याच्यानंतर: 'ही इज ऑलवेज लेट'. सहायक क्रियापदाच्याही नंतरच: 'आय हॅव नेव्हर सीन इट'. स्थळ आणि काळ एकत्र आले तर आपण 'उद्या तिथे' म्हणतो, ते 'देअर टुमॉरो' म्हणतात.

खरी गंमत 'ओन्ली'ची. आपला 'च' जसा शब्दाला चिकटतो, तसा हा शब्दाच्या आधी उभा राहतो. 'ओन्ली आय सॉ हिम' म्हणजे मीच त्याला पाहिलं. 'आय सॉ ओन्ली हिम' म्हणजे मी त्यालाच पाहिलं. 'आय ओन्ली सॉ हिम' म्हणजे नुसतं पाहिलं, बोललो वगैरे नाही. बोलताना मात्र इंग्रज लोक ही तिसरी रचना दुसऱ्या अर्थानेही सर्रास वापरतात आणि 'हिम'वर जोर देऊन निभावून नेतात. लिहिताना तो जोर दिसत नाही, म्हणून लिहिताना जपा.

शेवटी 'ली' लागला की क्रियाविशेषण, या समजुतीने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. 'मी खूप मेहनत केली' या अर्थाने एका अर्जात मी 'आय हॅव हार्डली वर्क्ड' लिहून बसलो. त्याचा अर्थ होतो, मी जेमतेमच काम केलंय! मेहनतीसाठी नुसतं 'हार्ड', तेही क्रियापदानंतर. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. आणि 'फ्रेंडली' तर विशेषण आहे.

तुमचं वाक्य असं होईल: 'ही फिनिश्ड द वर्क क्विकली येस्टरडे'. 'ही क्विकली फिनिश्ड द वर्क येस्टरडे' हेही बरोबर. 'येस्टरडे' अगदी सुरुवातीला नेलात तरी बिघडत नाही.