शोषितांचा ‘संताप’ की ‘तिरस्कार’?

लातूरच्या एका वाचकाने आपल्या निबंधातले वाक्य पाठवले आहे: ‘शोषितांचा संताप वाढला की ते हिंसेला पाठिंबा देऊ लागतात.’ येथे ‘संताप’ ठेवावा की ‘चीड’ लिहावे, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते तेथे दोन्ही शब्द बसत नाहीत, ‘तिरस्कार’ हवा.

चीड येते ती बहुधा वागणुकीची: अन्यायाची, लाचखोरीची, दुटप्पीपणाची. राग माणसावर धरला तरी तो निवळतो, काढता येतो, कोणी समजूत घातली तर जातोही. म्हणजेच समोरचा ऐकेल, बदलेल, ही अपेक्षा त्यात शिल्लक असते. ‘तिरस्कार निवळला’ असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. संस्कृतात ‘तिरस्’ म्हणजे आड, दूर. ‘तिरोहित’ शब्दात तेच आहे आणि ‘तिरस्करिणी’ म्हणजे तर पडदाच. ज्याचा तिरस्कार केला, त्याच्याशी बोलणेच खुंटलेले असते.

निकोल टाउश आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जर्मनीतील शिक्षणशुल्काविरुद्ध आंदोलन करणारे विद्यार्थी, भारतातील मुस्लिम आणि ब्रिटनमधील मुस्लिम अशा तीन गटांचा अभ्यास होता. त्यात रागाचा संबंध मुख्यतः मोर्चे, निवेदने अशा सनदशीर कृतींशी दिसला, तर हिंसेसारख्या कृतींच्या समर्थनाशी तिरस्काराचा. शिवाय सनदशीर मार्गाने काही साधेल हा विश्वास जितका कमी, तितके ते समर्थन अधिक.

आपल्याकडे १९३८ चा हैदराबाद संस्थानातील निजामाच्या राजवटीविरुद्धचा सत्याग्रह स्वतःहून अटक करवून घेणारा होता. १९४७-४८ मध्ये मात्र सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पांतून संस्थानाच्या करोडगिरी (जकात) नाक्यांवर सशस्त्र हल्ले झाले. हा बदल केवळ भावनेने घडला असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण मधल्या काळात दडपशाही वाढली होती आणि सनदशीर वाटा बंद झाल्या होत्या. तरीही निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेला लावलेल्या ‘रझाकार’ या शब्दाचे काय झाले ते पाहावे: मूळ अर्थ ‘स्वयंसेवक’, पण मराठवाड्यात तो आजही शिवीसारखाच उच्चारला जातो.

तेव्हा वाक्य असे करावे: ‘दाद मिळण्याची आशा संपून सत्ताधाऱ्यांविषयी तिरस्कार उरला, की शोषितांमध्ये हिंसेला पाठिंबा वाढण्याची शक्यता असते.’ याच वाचकांनी पर्याय म्हणून ‘आक्रोश’ही सुचवला आहे. हल्ली ‘जनआक्रोश मोर्चा’ सर्रास निघतो, परंतु संताप हा त्याचा अर्थ हिंदीतून आला आहे. मराठीत आक्रोश म्हणजे टाहो फोडून रडणे.