रेस कारचे व्हील स्टड एकामागून एक का तुटतात?
तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये रेससाठी बांधलेल्या गाडीचा एक स्टड (चाक हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाला, धरून ठेवणारा आट्यांचा बोल्ट) तुटला, तेवढाच बदलला आणि पुढच्या सरावात शेजारचा गेला, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते नवा स्टड खराब होता म्हणून हे झालेलं नाही. नटचा ताण कमी पडला की चाक हबवर किंचित हलतं, स्टड चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि थकून तुटतो. तुटलेला भाग उजेडात धरा. शिंपल्यावर असतात तशा वक्र रेघा दिसल्या तर हेच कारण. स्टडची मान ताणून बारीक झाली असेल तर इम्पॅक्ट गनने (नट झटक्याने आवळणाऱ्या यंत्राने) जास्त आवळलाय.

एक तुटला की त्या हबचे सगळे स्टड बदला, कारण बाकीच्यांनी त्याचाही भार झेललेला असतो. एकच बदलण्याची काटकसर कृपया करू नका. नवे प्रेसवर (दाबयंत्रावर) बसवा, नटने ओढून नाही.

आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि पावसाळा, त्यामुळे हबवर गंज लवकर चढतो. चाक टेकतं ती जागा तारेच्या ब्रशने घासा, तिथे रंगही नको. आट्यांना ऑइल लावू नका, त्याच टॉर्कला (आवळण्याच्या पिळाला) स्टडवरचा ताण बराच वाढतो. नट आधी हाताने फिरवा, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या टॉर्कला आवळता येणाऱ्या पान्याने) समोरासमोरच्या क्रमाने आवळा. १२ मिलिमीटरच्या स्टडला साधारण १०० ते १२० न्यूटन मीटर लागतात, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. पहिल्या सेशननंतर चाकं थंड झाली की पुन्हा तपासा. हब आणि चाकामध्ये नुसती सरकवून बसवायची चकती, म्हणजे स्पेसर, लावलाय का? मग लांब स्टड हवेतच.